बडोद्यातून कॅनडाची पीआर : एजंटला पैसे द्यायच्या आधी घरी बसून करायची कामं

गेल्या काही वर्षांत आमच्या घरातल्या तीन जणांच्या फायली मी स्वतः बसून भरल्या, एक सख्खा भाऊ, एक मावसभाऊ आणि एक भाची. तेव्हापासून दांडिया बाजारातल्या ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी दर आठवड्याला विचारतं की ताई, कॅनडाचं काय करायचं, अलकापुरीतला एजंट एवढे लाख मागतोय, देऊ का. प्रत्येकाला तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. मुख्य लिहितेय कॅनडाच्या पीआरबद्दल, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याबद्दल, कारण तिथली पद्धत सगळ्यात उघडी आहे, सगळे मार्क आधीच जाहीर असतात, शेवटी थोडं जर्मनीचंही सांगते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ही फाईल एजंटच्या ऑफिसात पास नापास होत नाही, ती होते तुमच्या तीन कागदांवर : इंग्रजीची परीक्षा, डिग्रीचं मूल्यांकन आणि कंपनीचं अनुभवपत्र. हे तिन्ही कागद तुम्हालाच आणावे लागतात, एजंट फक्त ते अपलोड करतो. म्हणून आधी हे तीन हातात घ्या, मार्क मोजा, मग ठरवा कोणाला पैसे द्यायचेत का.

एक्सप्रेस एन्ट्री म्हणजे नक्की काय

२०१५ च्या जानेवारीत कॅनडाने पीआरसाठी माणसं मार्कांवर निवडायची ही ऑनलाइन पद्धत सुरू केली. भारतात बसून, कॅनडात कधी नोकरी न केलेल्या माणसासाठी यातला फेडरल स्किल्ड वर्कर हा रस्ता आहे. तिथे आधीच काम केलेल्यांसाठी कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास, आणि वेल्डर, इलेक्ट्रिशियन वगैरे हातकामवाल्यांसाठी स्किल्ड ट्रेड्स.

यात दोन वेगवेगळे हिशोब आहेत आणि निम्मे लोक इथेच गोंधळतात. पहिला हिशोब १०० पैकी ६७ चा, तो फक्त दारातून आत यायला : भाषा २८, शिक्षण २५, अनुभव १५, वय १२, तिथली नोकरीची ऑफर १०, जुळवून घेण्याची क्षमता १०. दुसरा हिशोब १२०० पैकी, त्याला सीआरएस म्हणतात, आणि खरी स्पर्धा तिथे आहे. ६७ झाले म्हणजे पीआर झाली असं जो एजंट सांगतो तो अर्धच सांगतो. ६७ झाले म्हणजे तुमचं नाव फक्त रांगेत लागलं.

आता मावसभावाचं उदाहरण घेऊन मोजू. वय ३१, लग्न झालेलं, एमएस युनिव्हर्सिटीचा मेकॅनिकल बीई, मकरपुरा जीआयडीसीत सहा वर्षं नोकरी, बायको बीकॉम. बायकोबरोबर जायचं असेल तर वयाचे ९०, डिग्रीचे ११२. इंग्रजीत चारही भागांत सीएलबी ९ आले (सीएलबी म्हणजे भाषेची पातळी मोजायची कॅनडाची पट्टी) तर प्रत्येकी २९ म्हणजे ११६. बायकोच्या डिग्रीचे ८ आणि तिच्या सीएलबी ७ च्या इंग्रजीचे १२, म्हणजे २०. शिवाय डिग्री आणि चांगलं इंग्रजी दोन्ही असल्याचे २५, आणि तीन वर्षांवरचा अनुभव आणि चांगलं इंग्रजी दोन्ही असल्याचे ५०. बेरीज ४१३.

आता यातलं इंग्रजीचं गणित बघा. आयइएल्टीएस जनरल ट्रेनिंगमध्ये सीएलबी ९ म्हणजे लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हींत ७. मावसभावाला पहिल्या वेळी रायटिंगमध्ये ६.५ आले, बाकी सगळं बरोबर. नुसत्या त्या अर्ध्या बँडने भाषेचे ७ गेले, आणि चारही सीएलबी ९ नाहीत म्हणून ते २५ आणि ५० वाले आकडे १३ आणि २५ वर आले. एकूण ४४ मार्क गेले, ४१३ चे ३६९. तो रात्री हा हिशोब तीन वेळा करत बसला होता कारण त्याला पटेना की एका निबंधाने एवढं होतं. दीड महिना रोज एक पत्र आणि एक निबंध वेळ लावून लिहिला, दुसऱ्यांदा ७ आले. म्हणून सांगते की एजंटच्या फीचा विचार करायच्या आधी पैसे इंग्रजीच्या तयारीवर घाला, एवढ्या मार्कांनी वाढणारी दुसरी स्वस्त गोष्ट नाही. आणि बुकिंग करताना जनरल ट्रेनिंगच निवडा, अकॅडेमिक दिलीत तर इथे चालत नाही. पीटीई कोर ही दुसरी इंग्रजी परीक्षा पण चालते, ती २०२४ पासून मान्य आहे. रिझल्ट दोन वर्षं चालतो.

वयाचंही असंच आहे. २० ते २९ ला पूर्ण मार्क, मग दर वाढदिवसाला थोडे थोडे जातात, पस्तिशीला बायकोसकट अर्जात ७० उरतात आणि ४५ ला शून्य. "पुढच्या वर्षी बघू" ची किंमत मार्कांत मोजली जाते.

आणि एक, नवरा बायको दोघांचा हिशोब वेगवेगळा करून बघा. आपल्याकडे घरात धरूनच चालतात की अर्ज नवऱ्याच्या नावाने. माझ्या भाचीच्या केसमध्ये तिचे मार्क नवऱ्यापेक्षा चांगले जास्त निघाले कारण तिचं एमएस्सी आणि इंग्रजी दोन्ही वरचढ, अर्ज तिच्या नावाने गेला आणि जावई सोबत.

डिग्रीचं मूल्यांकन

याला ईसीए म्हणतात, बहुतेक लोक वेस नावाच्या संस्थेकडून करतात. वेसच्या साईटवर अर्ज भरला की एक रेफरन्स नंबर मिळतो, तो घेऊन युनिव्हर्सिटीत जायचं, ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करायचा, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स लावायच्या. कागद युनिव्हर्सिटीकडूनच थेट वेसकडे जायला हवेत, तुम्ही घरून पाठवलेले धरत नाहीत. पाकीट असेल तर ते सीलबंद आणि चिकटवलेल्या जागेवर शिक्का. तुमच्या कोर्ससाठी ऑनलाइन पाठवायची सोय आहे का ते खिडकीवर आधी विचारून घ्या. रिपोर्ट पाच वर्षं चालतो.

डिप्लोमा करून मग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेले बरेच जण फक्त डिग्री दाखवतात. असं करू नका, डिप्लोमाही पाठवा. बीईनंतर एक वर्षाचा पीजी डिप्लोमा केला असेल तर तोही. मूल्यांकनात दोन वेगळ्या पदव्या धरल्या गेल्या तर मावसभावासारख्या केसमध्ये डिग्रीचे ११२ चे ११९ होतात आणि त्या २५ चे ५०, म्हणजे ३२ मार्क वाढले. बायकोच्या डिग्रीचंही मूल्यांकन करा, नाहीतर तिचे ते ८ मिळत नाहीत.

नावाचा घोळ, हा खास आपल्या लोकांचा

बडोद्यातल्या मराठी माणसाला हे सगळ्यात जास्त नडतं म्हणून इथे जरा थांबते. शाळेत आपलं नाव गुजराती पद्धतीने लिहिलं गेलंय, आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि वडिलांच्या नावाला क्लार्कने भाई जोडलेलं. माझ्या भावाच्या दाखल्यावर बाबा "माधवभाई", पासपोर्टवर "माधवराव", आणि पॅनवर नुसतं "माधव". आडनावाची स्पेलिंग तर विचारूच नका, एकाच घरात दोन भावांची दोन.

यावर उपाय असा. पासपोर्टवरचं नाव हेच मूळ धरा आणि आयइएल्टीएस, वेस, प्रोफाइल सगळीकडे तेच अक्षरन् अक्षर टाका. जुने दाखले वेगळे असतील तर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या की ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी वेसच्या अर्जात पूर्वीचं नाव टाकायची जागा असते ती भरा आणि मॅरेज सर्टिफिकेट लावा. कार्यालयातल्या लग्नाची पत्रिका आणि फोटो म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, महापालिकेत नोंद केली नसेल तर आत्ताच करून टाका. मुलांचा जन्मदाखला गुजरातीत असेल तर भाषांतर लागतं, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासकट. हे भाषांतर तुम्ही स्वतः किंवा नातेवाइकाने केलेलं चालत नाही, तुम्हाला दोन्ही भाषा कितीही येत असल्या तरी.

अनुभवपत्र, सगळ्यात कठीण कागद

कॅनडाला नुसतं "अमुक साहेबांनी आमच्याकडे इतकी वर्षं काम केलं, त्यांना शुभेच्छा" असं पत्र चालत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर पद, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, वार्षिक पगार आणि इतर फायदे, आणि काय काय काम करत होता ते सविस्तर, खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन, ईमेल. अनुभव सलग किमान एक वर्षाचा आणि गेल्या दहा वर्षांतला हवा, तास मिळून १५६०.

काम कुठल्या कोडमध्ये बसतं ते तुम्ही ठरवायचं, त्या यादीला एनओसी म्हणतात, आपली सोसायटीतली एनओसी नव्हे बरं का. २०२२ च्या नोव्हेंबरपासून २०२१ ची आवृत्ती चालते, त्यात टीअर ० ते ५ असे थर आहेत आणि आपल्याला ० ते ३ मधलं काम लागतं. मेकॅनिकल इंजिनिअर २१३०१, केमिकल इंजिनिअर २१३२०, मेकॅनिकलचा टेक्नॉलॉजिस्ट २२३०१, मशिनिस्ट ७२१००, वेल्डर ७२१०६. हुद्द्याच्या नावावर जाऊ नका, साईटवर कोड उघडा आणि तिथे लिहिलेली कामं तुम्ही खरंच करत होता का ते वाचा. कार्डावर "मॅनेजर" छापलंय आणि काम लाईनवर मेंटेनन्सचं, असं असेल तर कोड मेंटेनन्सचा.

मावसभावाचे शेठ माणूस चांगले पण असं पत्र त्यांनी जन्मात दिलेलं नव्हतं. "लेटर तो हूं आपी दईश" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींचं दिलं. मग आम्ही त्याची रोजची कामं मराठीतच कागदावर काढली, सकाळी गेल्यावर पहिलं काय करतोस, ड्रॉइंग कोण काढतं, मटेरियल कोण पास करतं, बिघाड झाला तर कोणाला फोन जातो, असं विचारत विचारत. त्याचा इंग्रजी मसुदा करून शेठना वाचून दाखवला, त्यांनी दोन गोष्टी खोडल्या, कारण ती कामं दुसरा माणूस करत होता, आणि मग सही केली. एनओसीच्या साईटवरची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, तपासणाऱ्याला ती पाठ असतात.

कंपनी पत्र देतच नसेल, किंवा बंद पडली असेल, तर नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, फॉर्म १६, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, आणि हाताखालच्या किंवा वरच्या सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत पत्र का मिळालं नाही याचं तुमचं खुलासापत्र. रोख पगार घेणाऱ्यांचं इथे फार अवघड होतं, त्यांनी आजपासून पगार बँकेत घ्यायला सुरुवात करा.

आणि खोटं पत्र कधीच नाही, ते देणारे लोक आहेत, भाव पण ठरलेला असतो. पकडलं गेलं तर पाच वर्षं कॅनडाच्या कुठल्याही व्हिसावर बंदी, आणि फाईल एजंटने भरली असली तरी जबाबदार तुम्हीच.

४१३ वर काय होतं, खरं सांगते

नुसत्या ४१३ वर सध्या बोलावणं, म्हणजे पीआरचा अर्ज भरायचं सरकारी आमंत्रण, येत नाही. कॅनडात काम केलेल्यांचे ड्रॉ, म्हणजे ठरावीक मार्कांच्या वरच्यांना बोलावणं पाठवायच्या फेऱ्या, २०२५ मध्ये साधारण ५१५ ते ५५० च्या दरम्यान लागले, सप्टेंबरमधला ट्रेड्सचा ड्रॉ ५०५ ला. शिवाय २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे मार्क काढून टाकलेत, कारण त्या ऑफरी विकल्या जात होत्या. त्यामुळे "एलएमआयए देतो, ५० मार्क वाढतील" असं आज कोणी म्हणत असेल तर उठून यायचं (एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस ठेवायला तिथल्या मालकाला लागणारा सरकारी कागद). एकूण जागाही कमी केल्यात, २०२५ साठी ३,९५,००० आणि २०२६ साठी ३,८०,०००.

मग रस्ते उरतात दोन. पहिला राज्यांचा, पीएनपी. सस्कॅचवान, मॅनिटोबा, अल्बर्टा, ऑन्टारिओ असे प्रांत आपल्याला हवी ती माणसं निवडतात, आणि एक्सप्रेस एन्ट्रीशी जोडलेलं नॉमिनेशन मिळालं की सीआरएसमध्ये थेट ६०० वाढतात. प्रत्येक प्रांताची यादी, फी, उघडायची वेळ वेगळी, त्यामुळे दर सोमवारी दोन चार प्रांतांची पानं उघडून बघायची सवय लावा.

दुसरा फ्रेंचचा, आणि माझ्या मते तरुण माणसासाठी हाच आज सगळ्यात पक्का. टीईएफ किंवा टीसीएफ परीक्षेत चारही भागांत एनसीएलसी ७, म्हणजे फ्रेंचसाठीची सीएलबी ७ सारखी पातळी, आणलं तर आपल्या ४१३ वाल्याला दुसऱ्या भाषेचे १२ आणि वरचे ५० मिळून ६२ वाढतात, म्हणजे ४७५. आणि मुख्य म्हणजे फ्रेंचवाल्यांचे ड्रॉ वेगळे निघतात, २१ मार्च २०२५ चा ३७९ वर लागला होता. मेहनत खरी आहे, शून्यापासून नोकरी सांभाळून दीड वर्ष तरी धरा. पण आपण घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी बोलणारी माणसं, पाचवी भाषा आपल्याला परकी नाही.

ठरावीक कामांच्या माणसांसाठी वेगळे वर्गवार ड्रॉ काढतात, त्यांच्या यादीत आपलं काम आहे का तेही बघा. २०२५ च्या यादीत मेकॅनिकल इंजिनिअर आणि टेक्नॉलॉजिस्ट होते, केमिकल इंजिनिअर नव्हते, आणि आपल्या नंदेसरी आणि रिफायनरीच्या पट्ट्यातल्या मुलांना हे माहीत असायला हवं. यादी बदलत राहते.

बोलावणं आलं की ६० दिवस

प्रोफाइल १२ महिने जिवंत राहतं, संपलं तर परत भरायचं. बोलावणं आलं की ६० दिवसांत पूर्ण अर्ज, आणि हे दिवस पटकन उडतात म्हणून कागद आधीच तयार ठेवा.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, पण गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात तिथलंही लागतं. मस्कत, दुबई, कुवेतला प्रोजेक्टवर राहून आलेल्यांनी ते आधी सुरू करा, तिथून यायला वेळ लागतो. मेडिकल फक्त त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे, आपल्या फॅमिली डॉक्टरचं चालत नाही, आणि २१ ऑगस्ट २०२५ पासून ते अर्ज भरायच्या आधीच करून घ्यावं लागतं. बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादला जा.

पैशांचा पुरावा बँकेच्या लेटरहेडवर : खाते क्रमांक, कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी, कर्ज किती. जुलै २०२५ च्या तक्त्याप्रमाणे एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, चार जणांना २८,३६२, आकडा दरवर्षी बदलतो. एफडी चालते, घर आणि सोनं चालत नाही. सासऱ्यांनी किंवा दादाने अचानक दहा लाख टाकले तर ते उधार नाहीत, भेट आहे, असं गिफ्ट डीड आणि त्यांचंही स्टेटमेंट लावा. फॉर्म भरायच्या आदल्या आठवड्यात पैसे गोळा करणं टाळा, सहा महिने आधी करा.

सरकारी फी ३० एप्रिल २०२४ ला मोठ्या माणसामागे १५२५ डॉलर झाली होती, भरायच्या दिवशी साईटवरचा आकडा बघून घ्या. ठशांचे ८५ वेगळे.

एजंट घ्यायचाच असेल तर

घ्या, चूक नाही. जुना नकार असेल, कोर्टकेस असेल, घटस्फोट आणि मुलाचा ताबा असेल तर जाणकार माणूस हवाच. पण पैसे घेऊन सल्ला द्यायचा परवाना कॅनडाच्या वकिलाला, क्युबेकच्या नोटरीला किंवा आरसीआयसीला, म्हणजे कॅनडाच्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला, असतो. आरसीआयसीचा नंबर मागा आणि त्यांच्या कॉलेज नावाच्या नियामक संस्थेच्या ऑनलाइन यादीत नाव शोधा, दोन मिनिटं लागतात. खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे राहिला पाहिजे, ईमेल तुमचा, आणि सबमिट करायच्या आधी प्रत्येक पान तुम्ही वाचलेलं. आमच्या ओळखीतल्या एकांना ऑफिस बंद झाल्यावर कळलं की त्यांची प्रोफाइल कधी भरलीच नव्हती, वर्षभर फक्त "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर.

ज्यांचे मार्क बसत नाहीत, त्यांच्यासाठी जर्मनी

इंजिनिअरला मी हल्ली हे आवर्जून सांगते. नोकरीची ऑफर हातात असेल तर ब्लू कार्ड हा कामाचा परवाना, त्याला २०२६ साठी वर्षाला किमान ५०,७०० युरो पगार लागतो, आणि इंजिनिअरसारख्या तुटवड्याच्या कामांना साधारण ४५,९३४. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी कायमचा परवाना मिळू शकतो, जर्मन भाषेची बी१ पातळी आली तर २१ महिन्यांतच. ऑफर नसेल तर जून २०२४ पासून संधी कार्ड आहे, एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधायची, आठवड्याला २० तास काम करता येतं, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ लागतं आणि ६ मार्क : वय ३५ च्या आत असेल तर २, सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असेल तर ३, असे. तिथे राहायचा खर्च मात्र आधी दाखवावा लागतो, २०२५ मध्ये महिन्याला १०९१ युरो. डिग्री आणि युनिव्हर्सिटी दोन्ही अनाबिन या त्यांच्या यादीत आधी शोधा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

अमेरिकेबद्दल विचारतात सगळे, एकाच ओळीत सांगते : ग्रीन कार्डाला एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची नोकरीवाली रांग कित्येक वर्षांची आहे, पीआर हेच ध्येय असेल तर तिथून सुरुवात करू नका.

आणि पीआर मिळाल्यावर

पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १०९५. आईवडील इथे एकटे असतील तर हा हिशोब निघायच्या आधी घरात बसून करा.

पहिल्यांदा उतरताना कस्टमला दोन याद्या द्यायच्या असतात, सोबत आणलेलं सामान आणि मागून येणारं सामान, किमतीसकट. मागून येणाऱ्या यादीत जे लिहिलं नाही त्यावर नंतर ड्युटी लागू शकते. रोख आणि चेक मिळून १०,००० डॉलर किंवा जास्त असेल तर सांगावंच लागतं. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराकडून किमतीचा कागद आधी करून घ्या. भाची निघाली तेव्हा तिच्या आजीच्या पाटल्या, मंगळसूत्र आणि नथ आम्ही जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवून एकेक फोटो काढला, मागे वजन लिहिलं, आणि पाटल्या तिने नेल्या नाहीत तरी त्या मागून येणाऱ्या यादीत लिहून ठेवल्या.